लांबा

पहाटे साडेचारला पंपाची धडधड.
हे केव्हाच उठून गेलेले, माझा स्वेटर घालून.
जुलैत इथे हिवाळा असतो, ही गोष्ट
चौथ्या वर्षीही आमच्या हाडांना पटलेली नाही.

अंत्सिराबे. दवाखान्यामागच्या दोन खोल्या.
एका खिळ्याला कॅलेंडर, एकाला ह्यांची टोपी,
तिसरा खिळा आमच्या आधीच्या कुणीतरी ठोकलेला,
त्याला आम्ही काही अडकवत नाही.

हे आले वचन सांगायला
आणि पंप, कुलपं, चष्म्यांच्या काड्या दुरुस्त करत बसले.
नगरच्या मंडळीने पाठवलेल्या खोक्यात एकशे चाळीस जुने चष्मे.
लोक भिंतीशी ओळीने बसतात, एकेक लावून बघतात.
देझिरे रिक्षा ओढतो, त्याने बायकांचा गुलाबी उचलला.
दिसतंय ना, मग झालं, म्हणाला.
त्या रात्री प्रार्थनेच्या मध्येच ह्यांना हसू फुटलं.

मी गोळ्या मोजते, पाच पाच करून.
मोजता मोजताच इथली भाषा आली:
ताप, किती दिवस, जेवून घ्या,
आणि सारखं कानावर पडणारं मुरा, मुरा.
मला वाटायचं, लोणच्याबद्दल बोलतात.
हळूहळू, असा अर्थ निघाला.
म्हणजे फार चुकले नव्हते.

भात झाला की तळाची खरवड काढायची नाही,
हे शेजारच्या वुलुलुनाने शिकवलं.
करपू द्यायची, वर पाणी ओतून उकळायचं,
आणि ते तांबूस पाणी पाहुण्याला द्यायचं.
करपलेल्या पातेल्यापायी मी आईचा मार खाल्लाय.
इथे त्याच पातेल्यावर माझं कौतुक होतं.

भांडतोही.
परतीच्या तिकिटावरून,
ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीवरून, जी
अख्ख्या गावाच्या गोळ्या मोजणाऱ्या बाईच्या घरात
आठवड्यातून दोनदा चुकते.

ऑगस्टात वुलुलुनाने बोलावलं.
तिच्या वडिलांना बाहेर काढणार होते, सात वर्षांनी,
नवं वस्त्र गुंडाळायला.
जावं का, ह्यांनी दोन दिवस विचार केला.
मग बूट पुसले.

कबरीचं दार उघडलं तेव्हा तुतारीवाला
फार बेसूर वाजवत होता.
लेकींनी बापाला मांडीवर घेतलं.
एकीने त्याला डुकरांच्या किमती सांगितल्या,
एकीने नातवाचा निकाल.
वस्त्राला इथे लांबा म्हणतात.
लांबा. मी तो शब्द तोंडात धरून उभी राहिले.

वुलुलुना घामाघूम होऊन जवळ आली.
तुमचं कोण आहे मातीत?
मुलगा, मी म्हटलं. अनुग्रह. सव्वीसचा होता.
त्याचं वस्त्र कोण बदलतं?

ह्यांना उत्तर येतं. तोंडपाठ येतं,
चाळीस वर्षं दफनविधीला तेच सांगत आलेत.
मी बाजूला बघितलं.
हे वाकून बुटाची नाडी बांधत होते,
बांधलेलीच होती.

रात्री दिवा मालवल्यावर
पांढरा शर्ट घातला होता ना आपण त्याला?
निळा, मी म्हटलं.
चौकडीचा?
साधा. गळ्याचं बटण नव्हतं त्याला,
शोधायला वेळच कुठे होता.
बराच वेळ काही नाही. बाहेर कुणाचा तरी रेडिओ.
मग म्हणाले, मी लावलं होतं.
काय?
बटण. त्या पहाटे, तू बायकांत बसली होतीस.
माझ्या कोटाचं काढून लावलं. काळं होतं.

अकरा वर्षं तो कोट मी दर थंडीत उन्हात घातला.
बटण हरवलंय म्हणून ह्यांना बोललेही.

साडेचारला पंप सुरू झाला नाही.
हे झोपले होते, स्वेटर न घालता.
मी उठले, चप्पल शोधली,
बाहेर जाऊन खटका ओढून बघितला.
तिसऱ्या वेळी लागला.