तिसरी चड्डी

गोडेलीव्हच्या दुकानात गादी अंगठ्यानं दाबायची नाही.
"अंगठ्यावर बसून जाणारेस का ऑस्टेंडला?"

भिंतीला टेकवलेली जुनी सायकल दाखवते: चढ.
आत दुसरं काही घालायचं नाही, हे तिनं
कांद्याचा भाव सांगावा तसं आधीच सांगितलेलं.

पहिली निळी, जाडजूड. ढगावर बसल्यासारखं.
"ढग तासाभरात भिजतो," ती म्हणते.
दुसरीची शिवण नेमकी नको तिथे.
तिसरी काळी, घट्ट, पातळ गादीची, दिसायला कंजूष.
हिच्यात काय जाणवतं?
काहीच नाही.
"मग हीच."

तिचा नवरा योरिस शर्यतींतला गडी.
चड्डीला आतून चामड्याचं अस्तर, त्यावर चरबी चोपडायचा.
किती जिंकला, तिला आठवत नाही.
शर्यतीहून आला की उभ्यानं जेवायचा,
ते आठवतं.
ज्याचं सोलतं त्याला कळतं,
आणि जी ताट हातात देते तिला.

रविवारी कालव्याच्या कडेनं, तोंडावर वारा,
एकशेदहाव्या किलोमीटरला ध्यानात आलं:
मघापासून आपल्याला बूड आहे
हेच विसरलोय.

ऑस्टेंडला खानावळीत लाकडी खुर्ची ओढली,
बसलो,
आणि सूप मागवलं.