सुकतीच्या वेळी

रिपोर्ट सगळे कोरे आले.
बांबोळीच्या कँटीनबाहेर गुरुदासने
ते दोनदा चाळले, हसला,
"बघ, काहीच नाही तुला,"
आणि त्या आनंदात मला मिरचीभजी घेऊन दिली.
माझं पोटही याच दुखण्याच्या गोतावळ्यातलं,
हे त्याला सांगायचं राहिलं.
रात्री कळलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी
मानेखाली, खांद्यावर, कोपरांत, गुडघ्यांच्या आत
अंगठा रोवून पाहिला,
फणस पिकला का पाहतात तसा.
अठरा जागा.
चौदाव्या जागी मी म्हटलं, पुरे.
मग त्यांनी एक लांबलचक नाव लिहिलं.
सासूबाई त्याला नुसतं "फायब्र" म्हणतात
आणि शेजारणीला सांगतात, "वाताचें."
ओवा घालून तेल कढवतात, वाटी माझ्या उशाशी ठेवतात.
मी हात लावत नाही, कारण नुसतं चोळणंही...
जाऊ दे. तेलाचा वास मात्र चांगला येतो.

दिवाडीच्या शाळेत मी तिसरी आणि चौथी
एकाच खोलीत शिकवते.
भरती असली की धक्क्याचा उतार दहा पावलांचा,
सुकतीला एकवीस.
चतुर्थीच्या आसपास सकाळी सातला
पाणी पार खाली गेलेलं असतं.
पंचांगात मी चतुर्थी पाहते ती त्यासाठी.
स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं, बाईंचा उपास.
कुणीतरी माझ्यासाठी केळी आणून ठेवतं.

फेरीबोटीचं इंजिन पत्र्यातून टाचेत शिरतं,
टाचेतून जबड्यात.
रेलिंगला टेकलं तर रेलिंगही थरथरतं.
साडीची निरी मांडीला लागते,
तीही दुखते. हे कुणाला सांगणार?
खलाशी इनास चौदा वर्षं तेच विचारतो,
"बाई, बरें मगो?"
चौदा वर्षं मी तेच सांगते,
"बरें."
सहा मिनिटांची फेरी. त्यात याहून लांब उत्तर बसत नाही.

आषाढात एकदा फळ्यापाशी उभी होते,
हातातल्या वस्तूचं नाव गेलं.
कसं? झोपेतून उठल्यावर
झोपच झालेली नाही असं कळतं ना, तसं.
मी म्हटलं, "पांढरं असतं, झिजतं,
बोटांना लागतं. ओळखा काय?"
मंजिता ओरडली, "खडू!"
वर्गाला वाटलं, कोडं.
आता रोज एक कोडं मागतात.
मी घालते. त्यातली काही खरी असतात,
म्हणजे ज्यांचं उत्तर मलाही हवं असतं.

आणि गंमत बघा, खडू आठवत नाही,
पण चवथीला माटोळीखाली स्टुलावर बसून
मी एकेक नाव सांगत होते:
कांगलां, घागऱ्या, आमाडे, तोरिंग,
आधी कुड्याच्या शेंगा बांध, मग सुपारीचा घड.
हात वर जात नाहीत म्हणून गुरुदास बांधत होता,
वाकडंतिकडं, घामाघूम.
मध्येच थांबून त्याने स्वतःचा खांदा दाबला.
"खांदे भरून येतात गं," म्हणाला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी पुढचं नाव सांगितलं.

आज तृतीया. पाणी उतरलेलं.
वर मी, खाली बोट,
बोटीत गाड्या दाटीवाटीने, स्कूटरी,
एक जण हॉर्नवरचा हात काढत नाही.
"धडधाकट तर दिसते बाई,"
कुणीतरी कुणालातरी म्हणतं, माझ्या कानांवर पडेल इतक्या जोरात.
पायांखाली शेवाळ, पिशवीत बावीस वह्या.
घाई केली तर उद्याचा दिवस जातो,
हा हिशेब त्या हॉर्नला कोण शिकवणार?

इनास साखळी हातात धरून उभा.
ओढत नाही.
आज विचारतही नाही.
मी पावलं मोजते,
अकरा, बारा,
तेराव्याला थांबते,
नदीकडे बघण्यासाठी थांबले असं दाखवत.
तोही नदीकडे बघतो.

चौदा.