अजून न चाललेली टाच

कॉट नंबर चार. ईश्वरी निवास सातपुते,
आठ महिने, सहा किलो दोनशे.
छातीत न्यूमोनिया, घशात नळी,
झोपेचं औषध चालू.

रात्रीचे दोन. माझे सात रकाने.
हालचाल : एक. बोटसुद्धा आपणहून हलत नाही.
वावर : एक. खाटेपुरता.
जाणीव : दोन.
ओल : तीन, लंगोट आत्ताच बदललाय.
घसरणं-घासणं : दोन.
पोषण : दोन, नळीतून तीस-तीस मिली दूध.
रक्त आणि प्राणवायू : दोन,
हे मी जरा सढळ हातानं दिलेत.
तेरा.
इथं सोळावर किंवा त्याखाली आलं बाळ
की दर दोन तासांनी मी.

मोठ्यांचं माकडहाड आधी धरतं,
तान्ह्यांचं डोकं.
अंगाच्या मानानं डोकं जड,
सगळा भार मागच्या वाटीएवढ्या जागेवर.
म्हणून माझा हात आधी केसांत जातो,
मग कानामागं, मग ओठाची कड
जिथं चिकटपट्टी नळीला धरून बसलीय.
मग तो लाल दिवा
पायाच्या उजव्या अंगठ्यावरून डाव्यावर.
शेवटी टाच.

पुस्तक सांगतं : लाल दिसलं तर दाबा,
सोडा, पांढरं पडतंय का बघा.
पुस्तकातलं बाळ गोरं आहे.

टॉर्च धरून वाकले होते,
काचेपलीकडून निवास बघत होता.
सुभाषनगरात चपला शिवतो.
रात्री कुणाला आत सोडायचं नसतं. मी सोडलं.
हात धुवा म्हटलं, कोपरापर्यंत.
धुतले त्यानं. नखातला रंग तेवढा राहिला.

"मॅडम, दिसायचं न्हाई ते.
चामडं कुठं चावतंय ते हाताला कळतंय."
बोटांची पाठ फिरवली त्यानं, टेकवली न टेकवली.
"हितं बघा. ऊन लागतंय. आन जरा निबर."
डावी टाच, बाहेरची कड.
मी हात लावला.
गरम.
आत हरभऱ्याएवढं काहीतरी घट्ट.

तो चोळायलाच लागला असता.
निबर चामड्याला तेल लावून
मऊ होईस्तोवर चोळणारे हात ते.
मी मनगट धरलं त्याचं, जरा जोरातच.
जिवंत कातडं इथं चोळायचं नसतं,
आतलं फाटतं, वरून पत्ता लागत नाही.
फक्त भार काढायचा.
"बास? येवढंच?"
एवढंच.
पोटरीखाली टॉवेलची घडी,
टाच अधांतरी.

बराच वेळ तो त्या टाचेकडंच बघत राहिला.
"गिऱ्हाईक म्हंतंय चप्पल चावती,
मी म्हंतो चार दिस घाला, बसंल पायाला.
पर ही तर
अजून चाललीबी न्हाई."

मला उत्तर सुचलं नाही.
पाचव्या कॉटचा अलार्म वाजला, मी गेले.

नंतर लिहिलं :
दोन वाजून दहा. डावी टाच. गरम, टणक,
रंगात फरक नाही.
खाली तपासणाऱ्याची सही, ती माझी.
पहिल्यांदा कुणाला कळलं
याला रकाना नाही.

चार वाजता परत आले.
बाहेर दसरा चौकातून दुधाच्या गाड्या निघालेल्या.
टाच अजून गार नव्हती. कोमट.
घट्टपणा होताच.
निवास काचेला कपाळ लावून उभा,
विचारत काहीच नव्हता.
मी बोटांची पाठ वर धरली,
हलवली जरा,
थोडं कमी, अशी.
त्याला काय कळलं कोण जाणे.
काचेवरचं कपाळ त्यानं
या बाजूवरून त्या बाजूला केलं.