मागचं चाक

मागं घेताना आवाज झाला तो
तुराटी मोडल्यासारखा.
खरंच वाटलं, तुराटी असेल.
मग गाय ओरडली.

आई आखाड्यातून आली, हाताला पीठ.
मला काही म्हणाली नाही.
वासराच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि म्हणाली, "धर."
मी धरलं.
पंधरा दिवसांची लाल कंधारी कालवड,
पुढचा डावा पाय गुडघ्याखाली
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता.

लोह्याच्या डॉक्टरचा फोन लागेना.
वहिनी म्हणाली, मैनोद्दीनमामूला आणा,
माणसाचं बसवतो, जनावराचंही बसवील.
मामू आला मोटारसायकलच्या मागं बसून,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
चष्मा काढला, डोळे मिटले,
आणि बोटांनी पाय वाचला
वरून खाली, खालून वर.
"कातडं फाटलं नाही. नशीब हाय पोरीचं."
जुन्या दुरडीच्या कामट्या तासल्या,
आमच्याच रानातला कापूस,
आईच्या लुगड्याच्या चिंध्या.
पैसे घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला.
जाताना म्हणाला, "एकवीस दिवस.
पण मोजत बसू नको.
मोजायलं की हाड लाजतंय."

मी मोजले.

दिवसातून चार वेळा उचलून
गाईच्या कासेला लावायची.
पहिल्या दिवशी पोत्याएवढी जड,
आठव्या दिवशी लेकराएवढी,
म्हणजे आणखी जड.
गाय मला हुंगायची.
माझ्या सदऱ्याला डिझेलचा वास,
ती मान फिरवायची, पान्हा चोरायची.
मग मी सदरा काढून जायला लागलो,
त्या थंडीत, उघडाच.
शेजारच्या आखाड्यावरचा नागोराव बघून गेला
आणि गावभर सांगितलं.

नवव्या दिवशी कामटीच्या काठाला वास.
माश्या. पट्टी उसवली तर
तांदळाएवढ्या आळ्या, वळवळत.
मी बांधावर जाऊन ओकलो.
परत आलो तर आई सीताफळाचा पाला वाटत होती.
"झालं का? ये. धर."
पुन्हा तेवढंच.

रात्री कूस बदलायची.
तुरीच्या भुश्शावर गोणपाट, त्यावर ती,
तिच्या शेजारी मी.
लाइट बाराला यायची,
हरभऱ्याला पाणी सोडून येईपर्यंत
ती डोळे उघडे ठेवून पडलेली असायची.
एकदा बोललो तिच्याशी.
म्हणालो, दिसली नाहीस गं तू मला.
तिनं माझा अंगठा तोंडात घेतला
आणि ओढला. त्यात काही नव्हतं.
तरी ओढत राहिली.

एकविसाव्या दिवशी उभी राहिली नाही.
बाविसाव्याही नाही.
मामूला फोन केला तर हसला,
"मोजलास ना?"

सव्विसाव्या दिवशी मी बाजारला गेलेलो.
ती आपली आपण उठली म्हणे
आणि आईच्या सुपात तोंड घालून उभी राहिली,
निवडलेली ज्वारी नाकानं उडवत.
आईनं सूप हलवलं नाही.
स्वयंपाकाला उशीर झाला त्या दिवशी.

आता पाय किंचित आत टाकते.
धावताना दिसत नाही, चालताना दिसतं.
ट्रॅक्टर चालू करायच्या आधी मी उतरतो,
मागं जाऊन बघतो, वाकून, चाकाखालीसुद्धा.
काही नसतं.
परवा मात्र होती.
त्याच चाकाच्या रबरी दातांवर मान घासत,
डोळे अर्धे मिटून.
किल्ली खिशात टाकली.
तिचं होईस्तोवर थांबलो.