सेवेचे तास

महिन्याचा शेवटचा रविवार, संध्याकाळचे सहा.
लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत
पाव-पाव डॉलरची नाणी भरून
आम्ही पावलाकच्या लाँड्रीत उभ्या.
बाहेर एरी सरोवरावरून येणारं बर्फ
आडवं, मीठ सांडावं तसं.

छातीवर तीन ग्रीक अक्षरं, जांभळी.
त्यांचा अर्थ बाहेर सांगायचा नाही अशी शपथ.
मला आठवतो तो फक्त
त्या रात्री बोटांवर गळलेल्या मेणाचा चटका.

नाणी आमची, साबण आमचा, कपडे ज्यांचे त्यांचे.
नियम एवढाच : कुणाला काही विचारायचं नाही.
आणि वही माझ्याकडे,
कारण त्या वर्षीची सेवाप्रमुख मी.
नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.
मे महिन्याआधी प्रत्येकीचे वीस तास भरायलाच हवेत,
नाहीतर वसंतातल्या नाचाला मज्जाव.
पुण्याचाही हजेरीपट असतो,
मी तो शिसपेन्सिलीने भरायचे.

पहिल्या रविवारी दोघे-तिघे दारातूनच परतले.
मग ओडेसा प्रुइट आली,
प्लॅस्टिकच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी,
तीन मुलं, सहा पिशव्या.
बरण्यांकडे बघत म्हणाली, "काय विकताय?"
"काही नाही."
"मग घ्याल काय?"
"काही नाही."
"असं कुणी नसतं, पोरींनो,"
आणि सगळ्यात मोठं मशीन तिनं पटकावलं.

इलॅस्टिकच्या चादरीची घडी तिनंच शिकवली.
कोपऱ्यात कोपरा, हात आत, आता उलटव,
अगं तसा नाही, दुसरा.
टॅम्सिनच्या हातातला बोळा बघून
ती पोट धरधरून हसली.
"आईनं काहीच शिकवलं नाही का गं?"
"आमच्याकडे कामाला बाई येते," टॅम्सिन म्हणाली.
मग बराच वेळ नुसता ड्रायरचा आवाज.
कुणाच्या तरी खिशात राहिलेला बोल्ट
आत खणखणत फिरत होता.

एक म्हातारा दर वेळी एकच शर्ट आणायचा.
एका शर्टासाठी अख्खं मशीन,
गरम पाणी, दोनदा खळबळणं.
जोएलन कुरकुरली.
तो खुर्ची ओढून काचेसमोर बसला,
म्हणाला, फिरताना बघायला बरं वाटतं.

फेब्रुवारीत, दहा वाजायला आले तेव्हा
पावलाक एकेक दिवा मालवत होता.
मी वहीची बेरीज करत होते.
कोपऱ्यातल्या मशीनच्या गोल काचेत
काहीतरी जांभळं वर आलं, बुडालं,
परत वर आलं :
आमचीच तीन अक्षरं.

शेजारी लेनोर उभी होती,
सगळ्यांच्या आधी येणारी, सगळ्यांच्या नंतर जाणारी.
तिचे वीस तास नाताळाआधीच भरले होते.
तरी ती का येते,
हे मला वहीनं कधी सांगितलं नव्हतं.
तिच्या गाडीत मागच्या सीटवर उशी होती,
काचांना आतून टॉवेल लावलेले,
तेही मी पाहिलं होतं
आणि नियम पाळला होता.
दिवसातून चाळीस वेळा
आम्ही एकमेकींना सिस्टर म्हणायचो.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.
बरणीत हात घालून मी
मोजल्याशिवाय नाणी ड्रायरमध्ये सोडली.
शेवटी चादर उरली, मोठी, फुलाफुलांची, घरून आणलेली.
म्हटलं, धर तिकडून.
दोन टोकांना दोघी. ताणली, झटकली,
टोकं घेऊन तिच्याकडे गेले,
परत मागे, परत पुढे.
प्रत्येक घडीला चादर अर्धी होत गेली
आणि मधलं अंतरही.
बोटांना बोटं लागली तेव्हा
ती गरम होती, नुकतीच वाळलेली, चादर म्हणतेय मी.
"आज वर चल," मी म्हणाले,
"माझ्या खोलीत एक पलंग रिकामा आहे."
पलंग रिकामा नव्हता.
त्यावर माझे धुवायचे कपडे होते.

उन्हाळ्यात मुख्य कार्यालयाकडून वही परत आली.
लेनोरच्या ओळीत आल्याची वेळ सहा,
गेल्याची वेळ कोरी.
त्याखाली कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं :
नोंद अपूर्ण, तास धरता येणार नाहीत.