डेमरेज

नव्वदाव्या खेळीपर्यंत सागरदेश जिंकायचाच.
कुणीही खेळो, कसाही खेळो.
इनासने तर एकदा डावा हात फरसाणाच्या पुडीत ठेवून
सगळं जग विकत घेतलं.

दारूखान्यात, तोडलेल्या बोटींच्या साखळ्या
किलोवर विकणाऱ्या दुकानाच्या माळ्यावर आमचं ऑफिस.
माझी खुर्ची कुठल्याशा ग्रीक बोटीवरच्या जेवणघरातली,
पायांना अजून बोल्टची भोकं.
तिच्यावर बसून मी समुद्राचा भाव ठरवते.

बंदरामागे सोनं तीन होतं. दोन केलं.
सागरदेश एकसष्टाव्या खेळीला उपाशी मेला.
परत तीन केलं, गलबतं महाग केली;
मग गलबतं कुणी बांधेचना,
सगळे खाडीकाठी भात लावत बसले.
अडीच करून पाहिलं. इनास म्हणाला,
अर्धं नाणं कोण घेतं गं, वाणीपण परत करतो.
डोंगरदेशाला तोफा दिल्या.
डोंगरदेश तोफा घेऊन डोंगरावर बसला.

महिनाभर वहीत टक्के:
चौऱ्याहत्तर. एकोणीस. सत्तर. बावीस.
तराजू कसला, झोपाळा झाला होता.

रविवारी माझगावला, घरी,
पप्पा चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले.
प्रिन्सेस डॉकला एकतीस वर्षं टॅली क्लार्क.
त्या गोदीत आता भर घातलीय, गाड्या उभ्या राहतात.
पप्पा सांगतात, लोकांच्या नोकऱ्या बुडाल्या,
माझी बुजली.

ही बोट कधी आली?
आत्ता.
आणि गेली कधी?
आत्ताच, त्याच खेळीत.
मग भरती?

म्हटलं, भरती नाहीये यात.
अळणी आमटीकडे बघावं
तसं त्यांनी स्क्रीनकडे बघितलं.

मग खुर्ची ओढून सांगत बसले.
बाहेर अकरा बोटी नांगरलेल्या,
एकीत साखर, एकीत गंधक, एकीत कुणा सेठचा पियानो.
एजंट घामाघूम, फोनवर फोन,
आणि गेटवाला काशिनाथ निवांत विडी ओढतोय
कारण पाणी अजून दीड फूट कमी.
चालत्या बोटीपेक्षा उभी बोट जास्त खाते, बाई.
डेमरेज.
हा शब्द त्यांनी असा उच्चारला
जसं दुसरे लोक साडेसाती म्हणतात.

त्या रात्री मी सोन्याला हात लावला नाही. तीनच ठेवलं.
फक्त एक ओळ लिहिली:
बंदर उघडेल दर चौथ्या खेळीला,
मधे जो थांबेल तो दर खेळीला एक नाणं भरेल.
दोनशे डाव यंत्राला खेळायला लावून झोपले.
सकाळी एकावन्न टक्के.
लग्नाच्या पाकिटातला आकडा.

इनास वैतागला.
जायफळाची नऊ गलबतं बंदराबाहेर कुजली त्याची,
डोंगरदेश तोवर तोफांसकट खाली उतरला.
वाट बघण्यात कसला आलाय गेम, म्हणाला,
आणि रात्री दोनपर्यंत उठला नाही.
जाताना जिना उतरता उतरता:
भरतीच्या आदल्या खेळीला मीठ विकायचं, कळलं मला.

पप्पा दुपारी खेळतात आता.
लढाई नाही, वसाहत नाही, कुणाचं राज्य घ्यायचं नाही.
भरती येते, दरवाजा उघडतो, बोटी आत शिरतात,
आणि ते लाइट बिलाच्या पाठीवर
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
चार उभ्या, पाचवी आडवी.
'पुढची खेळी' लुकलुकत राहते.
दाबा ना पप्पा.
थांब गं, मोजून तर होऊ दे.

ते दाबत नाहीत तोवर पाणी उतरत नाही.
चहा निवतो, गादीवर ऊन सरकतं,
काशिनाथच्या गेटापाशी पाणी तुडुंब उभं.
याचा दर मी अजून लावलेला नाही.