रुंदी शून्य

खेतवाडीच्या अकराव्या गल्लीत, लालजीभाईंच्या छापखान्यात
बऱ्हाट्यांची पत्रिका परत आली.
चारशे प्रती, सोनेरी शाई,
आणि प्रत्येकीवर 'वर्हाड'.
नवऱ्या मुलाचा मामा बोट ठेवून म्हणाला,
ह्याच्या डोक्यावर र कुणी चढवला?

मी नव्हता चढवला.
स्क्रीनवर तो नीट होता, खाली,
नखाच्या कोरीएवढा, शेजारच्याला टेकून.
स्क्रीन आणि कागद यांच्या मध्येच
कुठेतरी त्याचा हात सुटला होता.

रात्री शटर अर्धं ओढून शोधत बसले.
प्रोग्राम फुकटातला, कुणा एकाच्या मालकीचा नाही,
म्हणून आत जाऊन बघता येतं.
नवव्या का दहाव्या फाइलीत ती ओळ सापडली,
नव्या पोऱ्यासारखी उत्साही:
छापण्याआधी न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका.
कुणाला तरी कचरा वाटला असणार.
त्यात आमचं जोडचिन्हही झाडलं गेलं,
जे र-ला ह-पाशी धरून ठेवतं
आणि ज्याची रुंदी, नियमाप्रमाणे, शून्य.

मी एक अपवाद घातला. दीड ओळ.
पाठवला.
परत आला: ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली होती.
पुन्हा पाठवला.
मग कुणी यान्निक, कुठल्या गावचा कोण जाणे,
विचारतो, हे दोन शब्द मला सारखेच दिसतात,
फरक दाखवणारी टेस्ट लिहा.

आता याला काय द्यावं?
एका बाजूला लिहिलं दर्या, दुसऱ्या बाजूला दऱ्या.
पहिला आमच्या चौपाटीपुढे आहे,
दुसऱ्या बघायला घाटात जावं लागतं.
खाली आचार्यांना, आचाऱ्यांना.
लग्नात दोघंही लागतात,
पण चुलीपाशी बसवताना चूक चालत नाही.

एकोणीस दिवस काही नाही.
मी मुंजीच्या पत्रिका लावल्या,
एका फरसाणवाल्याचं पाकीट,
लालजीभाईंनी चारशे प्रतींचे पैसे
पगारातून दोन हप्त्यांत कापले.
मी गप्प.
काय सांगणार, दीड ओळ रांगेत उभी आहे म्हणून?

विसाव्या रात्री यान्निक: दिसला फरक. घेतलं.
शेवटच्या यादीत माझं नाव रोमनमध्ये,
एक अक्षर चुकलेलं. ते मीच घाईत चुकवलं होतं.

नवी आवृत्ती आली.
छापखान्यात कुणाच्या लक्षात आलं नाही,
काही चुकतच नव्हतं तर येणार कसं.

परवा पोखऱ्याहून एका बाईंच्या दोन ओळी आल्या.
त्यांच्याही लिपीत ही कोर आहे.
'केलं' म्हणायला त्या 'गऱ्यो' लिहितात
आणि छापताना तो शब्द इतके दिवस मोडत होता.

बऱ्हाट्यांच्या उरलेल्या गठ्ठ्यातली एक पत्रिका उलटी करून
मी पेन्सिलीने लिहून पाहिलं, सावकाश,
कोर जरा जास्तच वळवून.
लालजीभाई मागून डोकावले,
कुठल्या पार्टीचं काम हे? कधी द्यायचंय?

दिलं, म्हटलं.